जादूगारांच्या गटांना हिशेबाची वही हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मराठी अद्भुतकथांमध्ये आणि टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळायच्या खेळांमध्ये जादूगारांचे गट येतात, ते बहुतेक वेळा दोनच असतात. एक पांढरा, एक काळा. पांढरा जिंकणार हे पहिल्या पानावरच कळते. दूध संघाच्या निवडणुकीत कोण कोणाबरोबर गेला आणि का गेला, याची चर्चा आपल्याकडे टपरीवर तासभर रंगते. त्याच माणसांनी रचलेल्या जादूनगरीत मात्र कोणाला काही कमी पडत नाही, कोणाचे कोणाकडे देणे नसते, सभा भरत नाही, मतदान होत नाही. हे बदलता येण्यासारखे आहे. त्यासाठी कसून घडवलेला एक नमुना उपलब्ध आहे, आणि मराठीत आणण्यासाठी आता तो मोकळाही झाला आहे. म्हणून हे पत्र.

नमुना म्हणजे ‘आर्स मॅजिका’ हा खेळ. 1987 मध्ये तो अमेरिकेत पहिल्यांदा निघाला. आज चालते ती पाचवी आवृत्ती 2004 ची. कथा घडते 1220 सालच्या युरोपात. राजे, धर्मयुद्धे, शहरे सगळी इतिहासातलीच, फक्त त्या काळचे लोक ज्यावर विश्वास ठेवत तेही सारे तिथे खरे असते. जादूगारांचा एकच संघ आहे, ऑर्डर ऑफ हर्मीस, स्थापना 767 ची. त्यात 12 घराणी आणि 13 प्रांत. प्रत्येक प्रांताची न्यायसभा 7 वर्षांनी भरते आणि सर्व प्रांतांची महासभा 33 वर्षांनी, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या डुरेनमार या मठात. मठ म्हणजे इथे जादूगारांची एकत्र राहण्याची वस्ती.

गट कसे पडतात हे समजायचे तर ही माणसे मुळात एका खोलीत बसतात कशी, हे आधी पाहावे लागते. जादूची देणगी असलेल्या माणसाबद्दल इतरांना उगाचच संशय येतो, जनावरे बुजतात. दोन जादूगार समोरासमोर आले तर त्यांनाही एकमेकांबद्दल हेच वाटते. बोनिसागस नावाच्या संस्थापकाने एक अदृश्य ढाल शोधली, पार्मा मॅजिका. ती घेतली की समोरच्याच्या देणगीचा हा विषार लागत नाही आणि त्याचा मंत्रही सहज लागू पडत नाही. पण संघ उभा राहिला तो ट्रायनोमा या दुसऱ्या संस्थापिकेमुळे. ती गावोगाव फिरली आणि तिने एकेका जादूगाराला अट घातली की ढाल शिकायची तर आपली विद्या मांडायची. हा संघ म्हणजे पहिल्या दिवसापासून एक सौदा आहे. आपल्याकडच्या नव्या लेखकांनी इथे थांबून विचार करावा असे आम्हाला वाटते. आपल्या जादूगारांना एकत्र राहायला भाग पाडणारी गोष्ट कोणती, याचे उत्तर तयार नसेल तर गटही उभे राहत नाहीत आणि फुटीला वजन येत नाही.

ही ढाल रोज सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला नव्याने घ्यावी लागते, मिनिट-दोन मिनिटांचा विधी असतो. तिचा गुण 5 असेल तर प्रतिकार होतो 5 गुणिले 5, म्हणजे 25, आणि त्यात ज्या तत्त्वाचा मंत्र आला असेल त्या तत्त्वातले स्वतःचे कौशल्य मिळवायचे. आता समजा, कोणी 30 पातळीचा अग्निमंत्र टाकला आणि त्याच्या कौशल्याची व फाशाची बेरीज 40 भरली. बेरजेतून पातळी वजा केली की भेदनशक्ती 10 उरते. भेदनाचा अभ्यास 2 असेल तर 12. पंचवीसच्या ढालीपुढे बारा म्हणजे भिंतीवर चेंडू. या एका वजाबाकीमुळे सभेत आगीचा गोळा टाकून काहीच सुटत नाही आणि माणसाला बोलावे लागते. ज्या खेळात किंवा कादंबरीत ही ढाल नाही, तिथे सर्वांत मोठा मंत्र ज्याच्याकडे तोच अध्यक्ष होतो आणि राजकारण तिथेच संपते.

आता पैशाची गोष्ट. या जगात पैसा म्हणजे व्हिस, घन झालेली कच्ची जादू. ती झऱ्याच्या पाण्यात, एखाद्या झाडाच्या फळात, बेडकाच्या कातडीत ठरावीक दिवशी सापडते. मोजमाप बुद्धिबळातले आहे. एकक म्हणजे प्यादे, 10 प्याद्यांचा हत्ती, 100 प्याद्यांचा वजीर. खर्च असा: विधीच्या मंत्राला दर 5 पातळ्यांमागे 1 प्यादे लागते. मठाभोवती वर्षभराचे संरक्षण उभारणारा विधी 30 पातळीचा केला तर 6 प्यादी आणि दीड तास. तो वर्ष भरताच उतरतो, म्हणजे 6 प्यादी दरवर्षी ठरलेलीच. आयुष्य लांबवणाऱ्या विधीला वयाच्या दर 5 वर्षांमागे 1 प्यादे, वरची वर्षे पूर्ण धरून. पस्तिशीत 7 प्यादी, 60 व्या वर्षी 12, 83 व्या वर्षी 17. म्हातारपणाच्या एखाद्या मोठ्या झटक्यात विधी मोडला की पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर वय वाढलेले असते.

खेळाची सगळी राजकीय अक्कल या 17 प्याद्यांत आहे, असे आमचे मत आहे. एका हंगामात किती प्यादी वापरता येतात यालाही मर्यादा आहे, जादूशास्त्रातल्या गुणाच्या दुप्पट. म्हणजे 17 साठी गुण 9 हवा. वृद्ध जादूगारणीचा गुण 7 असेल तर तिला दुसऱ्या कोणाकडून विधी करून घ्यावा लागतो. तो करणारा आपल्या वर्षातल्या 4 हंगामांपैकी एक तिच्यासाठी घालवतो आणि त्याची परतफेड कधी ना कधी मागतो. शिवाय व्हिस 15 प्रकारचे असते आणि प्रकार जुळावा लागतो. मठाच्या कोठारात जलतत्त्वाची 20 प्यादी पडून आहेत आणि हवी आहेत देहतत्त्वाची, अशी स्थिती नेहमीचीच. मग ज्याच्याकडे उलटी अडचण आहे त्याच्याशी मैत्री होते. विचार जुळतात का, हे नंतर पाहिले जाते. म्हातारे गट जुने झरे सोडत नाहीत, तरुण गट नवे झरे शोधायला निघतात, आणि दर सात वर्षांनी हे भांडण सभेत येते.

सभेचे नियम नीट समजून घेण्यासारखे आहेत. प्रत्येक जादूगाराला एक मत. त्याची ताकद कितीही असो. आपल्या सहकारी संस्थांतल्या ‘एक सभासद, एक मत’सारखेच हे आहे. मत म्हणजे हातातला शिक्का. गणपूर्तीला निदान 12 जादूगार हवेत, तेही निदान 4 मठांतले. अध्यक्षपद सहसा प्रांतातल्या सर्वांत वयोवृद्ध जादूगाराकडे, आणि निर्णय संघाच्या कायद्याच्या संहितेत बसतो हे सांगायला गुएर्निकस घराण्याचा पंच हजर लागतो. त्या पंचांमध्येही दोन मते आहेत. संघात येताना घ्यायच्या मूळ शपथेला चिकटून राहावे म्हणणारे एकीकडे, जग बदलले तशी संहिता बदलावी म्हणणारे दुसरीकडे.

ट्रेमेर घराण्याची गोष्ट वेगळी. तिथे शिष्य जादूगार झाला तरी त्याचा शिक्का गुरूकडेच राहतो. सर्टामेन या नियमबद्ध द्वंद्वात गुरूला हरवले तरच तो हाती येतो. त्यामुळे एकच वृद्ध ट्रेमेर सभेत चार-पाच शिक्के टाकू शकतो. आपल्या वाचकांना व्हिप आणि प्रतोद हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, तेव्हा या घराण्याचे वजन लगेच ध्यानात येईल. ट्रान्सिल्वेनिया प्रांत तर जवळपास त्यांच्याच ताब्यात आहे.

एक सभा कागदावर मांडून दाखवतो. आकडे आमचे, नियम खेळाचे. प्रांतात 23 जादूगार, 5 मठ. उत्तर मठात 6, दक्षिण मठात 5, उरलेल्या तीन मठांत प्रत्येकी 4. वाद एका झऱ्याचा, जो दर उन्हाळ्यात 5 प्यादी देतो आणि सध्या उत्तर मठाकडे आहे. वरवर पाहता उत्तर 6, दक्षिण 5. पण दक्षिण मठात एक ज्येष्ठ ट्रेमेर बसली आहे आणि तिच्या तीन शिष्यांचे शिक्के तिच्या पेटीत आहेत. त्यांतला एक उत्तर मठात राहतो, दोघे लहान मठांत. म्हणजे खरी मोजणी उत्तर 5, दक्षिण 8, कुंपणावर 10. त्या दहांत दोन लालटोप्या. हे मर्सेर घराण्याचे निरोपे. त्यांच्यातल्या बहुतेकांना जादूची देणगी नसते, तरी मत पूर्ण असते. त्यांना कोणी दुखवत नाही, कारण ते थांबले तर पत्रे थांबतात आणि व्हिसची देवघेवही अडते. ते दोघे तटस्थ राहिले तर 21 मते उरतात आणि बहुमत 11 वर येते. दक्षिणेला 3 मते हवीत, उत्तरेला 6.

उत्तर मठाचा शहाणा पुढारी इथे सहा मते गोळा करायच्या मागे लागत नाही. तो दोन लहान मठांना घेऊन सभात्याग करतो. 6 आणि 8, एकूण 14 बाहेर गेले. आत 9 उरले, तेही दोनच मठांतले. गणपूर्ती मोडली, झरा आहे तिथे राहिला. तातडीची सभा कोणी बोलावली नाही तर पुढची सभा 7 वर्षांनी, तोवर 35 प्यादी उत्तरेच्या कोठारात. ही चाल ट्रेमेर बाईने आधीच ओळखली असेल तर ती त्या दोन्ही लहान मठांना सभेपूर्वीच काही देऊन बसवून ठेवेल, कारण एकच थांबला तर आत तीनच मठ उरतात. किती देईल? 35 प्याद्यांपेक्षा कमी, हे नक्की. घासाघीस त्या आकड्याच्या आत होते आणि खेळाडू ती मनापासून करतात. गणपूर्ती मोजताना मात्र डोकी मोजावीत, शिक्के मोजू नयेत. टेबलावर हा घोळ हमखास होतो.

घराणे आणि गट एकच समजणे ही दुसरी मोठी चूक. घराणे म्हणजे विद्येची वंशावळ, जशी गाण्यातली. फ्लाम्बो घराण्यातले दोघे आगीत सारखेच तरबेज असतील आणि झऱ्याच्या ठरावावर विरुद्ध मते देतील, कारण एक उत्तर मठात जेवतो आणि दुसरा दक्षिण मठात. ऱ्हाइन प्रांतात तर घराण्यांना आडवे छेदणारे गट आहेत, ओक, अ‍ॅश, लिंडन अशा झाडांच्या नावांचे. पात्र तयार करताना कागदावर घराणे, मठ आणि देणेकरी असे तीन रकाने आखावेत. तिन्ही रकाने एकाच बाजूला ओढत असतील तर ते पात्र फक्त हात वर करायच्या कामाचे. दोन रकाने भांडत असतील तर खेळाडूंना त्याच्याकडे जाण्यात अर्थ आहे.

आणखी एक वाद खेळात फार सुंदर रचला आहे. सामान्यांच्या कारभारात ढवळाढवळ करून संघ धोक्यात आणू नये, असे शपथेत आहे. पण ढवळाढवळ कशाला म्हणायचे? कथेच्या काळात, 1209 पासून, दक्षिण फ्रान्सवर चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर पंथाविरुद्धचे धर्मयुद्ध चालू आहे. 1218 मध्ये तुलूझच्या वेढ्यात धर्मयुद्धाचा सेनापती सिमों द मोंफोर मारला गेला. प्रोव्हान्साल प्रांतातल्या मठाच्या भिंतीबाहेर खेडी जळत असताना आतल्या जादूगाराने धान्य द्यावे का, निर्वासितांना लपवावे का? 1204 मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटले गेले तेव्हापासून थीबीस प्रांतातही हाच पेच आहे. आधीच्या सभांचे निवाडे साठत साठत संहितेच्या भोवती एक मोठी परिघ-संहिता झाली आहे आणि प्रत्येक गट तिच्यातून आपल्या सोयीचा निवाडा काढतो. पांढऱ्या-काळ्या झग्यांनी असा प्रश्न कधी उभाच राहत नाही.

युद्धाचाही कायदा आहे. जादूगाराने जादूगाराला मारणे हा मोठा गुन्हा, अपवाद फक्त रीतसर पुकारलेल्या युद्धाचा. निरोप पौर्णिमेच्या रात्री पोचला पाहिजे, युद्ध पुढच्या पौर्णिमेला सुरू होते आणि त्यापुढच्या पौर्णिमेला संपते. म्हणजे साधारण महिनाभर तयारी, महिनाभर लढाई. नवखे खेळाडू निरोप देतात आणि त्याच रात्री हल्ला करतात. तो खून ठरतो, संघ त्यांना बहिष्कृत करतो आणि सगळा प्रांत त्यांच्यामागे लागतो. दुसरी चूक अशी की लढताना तिसऱ्याच मठाचे कोठार जळते. युद्ध दोघांपुरते असते, तिसऱ्याच्या नुकसानीची भरपाई सभेत द्यावीच लागते. आणि दुसऱ्याच्या खुणा केलेल्या खासगी दालनात विनापरवाना शिरणाऱ्याला तिथे मारले तरी शिक्षा नाही, हे खेळ सुरू होण्याआधी सर्वांना सांगावे. न सांगता पात्र गेले तर खेळाडू दुखावतो, आणि त्याचे दुखावणे रास्त असते.

नियम असूनही संघ एकदा फुटला आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी डिएड्न हे ड्रुइडांचे, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या परंपरेतले घराणे संघाने संपवले. आपले विधी ते कोणाला दाखवत नसत, आणि त्यातून नरबळीची कुजबुज सुरू झाली. ट्रेमेर आणि फ्लाम्बो त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. ढाल शिकायची तर विद्या मांडायची, हा पहिला सौदा ज्यांनी अर्धाच पाळला त्यांच्याबद्दल सर्वांत आधी संशय आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या घराण्यातले कोणी वाचले का, हा प्रश्न खेळात मुद्दाम उघडा ठेवला आहे आणि तो तसाच ठेवावा. ज्यांनी पहिल्याच महिन्यात वाचलेला वंशज आणून बसवला त्यांच्या टेबलावर उरलेले सगळे राजकारण फिके पडते, कारण झऱ्याच्या पाच प्याद्यांत मग कोणाला रस राहत नाही.

खेळात उणिवा आहेत. बारा घराणी फार होतात. चार खेळाडूंना पहिल्या संध्याकाळी बारा नावे सांगितली तर चहा येईपर्यंत नऊ विसरलेली असतात. पाच पुढारी आणि एक वाद एवढ्यावर सुरुवात करावी, बाकी घराणी कामापुरती येऊ द्यावीत. दुसरी अडचण प्रयोगशाळेची. हंगामामागून हंगाम अभ्यास करत बसणे फायद्याचे असल्याने खेळाडू मठाबाहेर पडतच नाहीत. यावर उपाय कोठारात आहे. मठाचे उत्पन्न खर्चापेक्षा थोडे कमी ठेवावे. पाच जणांच्या मठाला वर्षाला 20 प्यादी मिळत असतील तर 6 संरक्षणाला जातात, 14 उरतात, आणि 83 वर्षांच्या बाईंचा विधी ज्या वर्षी मोडेल त्या वर्षी 3 कमी पडतात. त्या तीन प्याद्यांसाठी शेजारच्या मठाचे दार ठोठवावेच लागते. उत्पन्न 40 केले तर दार बंदच राहते. आम्ही पाहिलेल्या फसलेल्या खेळांपैकी बहुतेक इथेच फसले होते: चालवणाऱ्याने मन मोठे करून व्हिस वाटले आणि कोणाला कोणाची गरजच उरली नाही.

आता मराठीबद्दल. पाचव्या आवृत्तीचा मजकूर प्रकाशकांनी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली दिला आहे. श्रेय द्यायचे आणि आपण केलेले कामही त्याच परवान्याने खुले ठेवायचे, या दोन अटी पाळल्या तर भाषांतर करता येते, बदल करता येतात, छापून विकताही येते. चित्रे आणि मांडणी यात येत नाहीत असे धरूनच चालावे. इतका मोठा आणि इतका तपशीलवार राजकीय खेळ मराठीत आणण्याची अशी संधी सहसा मिळत नाही.

कथा युरोपात ठेवावी असेच आम्ही म्हणू, कारण ती तिथल्या इतिहासात घट्ट विणलेली आहे. पण परवान्यात स्वतःचा प्रांत रचायला मुभा आहे, आणि 1220 हे साल आपल्यालाही सोयीचे आहे. तेव्हा देवगिरीवर सिंघण यादव राज्य करत होता. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे 1207 च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि स्थानिक सत्ताधाऱ्यांनी त्याला उत्पन्न लावून दिले, अशी त्यात नोंद आहे. विद्येचा मठ, त्याला बांधलेले उत्पन्न, ते देणारे सत्ताधारी: आर्स मॅजिकातल्या मठाचा जमाखर्च हाच आहे.

भाषांतराचे काम शब्दांवर अडते. या पत्रात वापरलेले घराणे, मठ, न्यायसभा, शिक्का, ढाल, हंगाम, लालटोपी, प्यादे हे शब्द टेबलावर बोलून पाहिलेले आहेत आणि जिभेवर बसतात. ‘व्हिस’ला ‘तेज’ म्हणून पाहिले, पण ‘तेजाची सहा प्यादी’ कानाला खटकते, म्हणून मूळ शब्दच ठेवला. फार जादू अंगात मुरलेला जादूगार काही काळ या जगातून हरवतो त्या अवस्थेला आम्ही ‘कातरवेळ’ म्हणतो. मंत्राने जोडलेल्या सोबती प्राण्याला आणि मठाची राखण करणाऱ्या साध्या शिपाईगड्यांना अजून धड नाव मिळालेले नाही. राखणदारांना ‘गडी’ चालेल असे काहींचे मत, ‘हशम’ असावे असे काहींचे. वाचकांना याहून चांगला शब्द सुचत असेल तर आपल्या पुरवणीतून तो आमच्यापर्यंत पोचवावा, ही विनंती.

आपले,
खेळ चालवणारे काही वाचक,
डोंबिवली